खडूमिस्त्रीची रेघ

खडूमिस्त्री नसलेल्या भिंतींसाठी भांडायचे. तुम्ही आपल्याच घरात स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत सरळ चालत आलात, की कानावर पेन्सिलीऐवजी खडू खोचलेला हा काटकुळा, काळाभोर माणूस दारातून म्हणणार, "सर, भितीतून काहून येऊन राहिले? दार तिकडं हाय ना." खाली पाहावं तर फरशीवर नुसती पांढरी रेघ. तरी मुकाट्याने मागे जायचं, दोन रेघांच्या मधली मोकळी जागा शोधायची आणि तिच्यातून यायचं. मग त्यांचा चेहरा निवळायचा.

अकोल्यात डाबकी रोडच्या बाजूला आमची कॉलनी आहे. सगळी घरं दोन खोल्यांची, एकाला एक चिकटलेली. माणसं वाढली, सामान वाढलं, खोल्या तेवढ्याच राहिल्या. म्हणून दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी घराचं काम काढायचंच, आणि बाळापूरहून पहिल्या बसने खडूमिस्त्री यायचे. धंदा सुतारकामाचा, पण आठ दिवस लाकडाला हात लावायचे नाहीत. कपाट, पलंग, पार्टिशन, मोरी, जे काही करायचं ते खऱ्या मापाचं फरशीवर खडूने काढायचं आणि घरच्यांना म्हणायचं, "आता आठ दिवस खडूत राहा. लाकूड मंग."

हे आठ दिवस ते केव्हाही टपकत. "भितीत बादली ठेवली तुमी," असं म्हणत बादली उचलून बाजूला ठेवत. मोरी काढली की खिशातून साबणाची वडी काढून तिच्यात टाकत आणि घरमालकाला म्हणत, "उचला." आमच्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर चांगले अंगापिंडाने भरलेले. ते साबण उचलायला वाकले आणि त्यांची बैठक रेघेच्या बाहेर गेली. मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "पोस्टमास्तर, तुमचं अर्धं पार्सल लोकाच्या मोरीत गेलं." मोरी चार बोटं वाढली. पोस्टमास्तर ती गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगत.

टेप त्यांच्याकडे होती, पण ती दुय्यम. "टेप खोलीचं माप घेते. माणसाचं माप माणूस उठते-बसते तवाच भेटते," असं ते म्हणत आणि मोजायला आपली वीत वापरत. आठव्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने आपापल्या जागेत उभं राहून 'हो' म्हणायचं, हा त्यांचा नियम. लेकरांनीसुद्धा. एकाने जरी मान हलवली नाही तरी रेघ पुसून नवी. एकदा हो म्हटलं की मात्र ती रेघ घरच्यांची, मिस्त्री ती हलवणार नाहीत. हा नियम मी इथे मुद्दाम सांगतो आहे. मी त्याचाच फायदा घेतला.

आमच्या घरात आम्ही चौघं. मी, बायको, मुलगी आणि माझी मोठी बहीण. ताईने लग्न केलं नाही. आईबाबा लवकर गेले. तिने ब्लाउज शिवून मला शिकवलं, डी.एड. करवलं, मास्तर केलं. तिचं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीशी असायचं आणि तिथेच तिची खाट. मुलगी आठवीत गेली, तिला अभ्यासाला जागा हवी झाली. तेव्हा बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून तिथे प्लायचं पार्टिशन करायचं ठरलं. पार्टिशनच्या बाहेरच्या अंगाला ताईचा पलंग आणि मशीन, आतल्या अंगाला स्वयंपाकघर, आणि खिडकी मुलीला.

ताईचा डावा गुडघा वाकत नसे. खडूमिस्त्रींनी तिला काही विचारलं नाही. दोन सकाळी लवकर येऊन, चहा घेत, ती खाटेवरून कशी उतरते ते बघितलं. ताई काठावर बसायची, डावा पाय सरळ पुढे करायची, टाच टेकवायची, मशीनला धरायची आणि उठायची. तिसऱ्या दिवशी ते तिला म्हणाले, "ताई, बसा. पाय लांब करा." टाच टेकली तिथे खूण केली. टाचेपुढे आपली वीत ठेवली आणि वितीच्या पलीकडे पार्टिशनची रेघ मारली.

मी म्हटलं, "ही वीत कशाला? टाच तर बसते."

"उठताना टाच फुडं घसरते, सर. तिले घसराले जागा पाह्यजे. नाही भेटली तं माणूस मांगं पडते."

ताई खालूनच म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, रेघ लय जाडी हाय तुमची. आतून कापू का बाहेरून?"

मिस्त्री हसले. ते क्वचित हसत. ताईने मशीनच्या खणातून आपला चपटा शिंप्याचा खडू काढला, मोडला आणि अर्धा त्यांना दिला. त्यांनी तो खिशात ठेवला आणि म्हणाले, "हा लाकडावर चालीन. फरशीवर मले जाडीच रेघ लागते. घरच्या म्हाताऱ्यालेबी दिसली पाह्यजे ना आपली भीत कुठी हाय ते."

मग आठ दिवस आम्ही खडूत राहिलो. ताई रेघेच्या खोलीतून खडूच्या दारातून यायची, जायची. शेजारणी ब्लाउजचं कापड घेऊन आल्या तर त्यांना म्हणायची, "दारातून या बाई, मिस्त्रीभाऊ पाहून राहिला असन." मी तिला इतकी खूश क्वचित पाहिली होती. आता कळतं, की त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी जागा काढली होती. नाहीतर ती आमच्या उरलेल्या जागेत राहायची.

आणि त्याच आठवड्यात मी फ्रिज ठरवून आलो. बायकोने मागितला नव्हता. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरी दोन दारांचा मोठा फ्रिज आला होता, मला तसाच हवा होता. घरी येऊन मोजलं तर ओटा आणि पार्टिशनची रेघ यांच्यामध्ये तो बसत नव्हता. वीतभर जागा कमी पडत होती.

ताईने सातव्या दिवशीच, मिस्त्री नसताना, आपल्या रेघांमध्ये उभं राहून हो म्हटलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी तिला अंजनगाव सुर्जीला चुलत भावाच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं. बायको आणि मुलगीही हो म्हणून तिच्याबरोबर गेल्या. मिस्त्री यायचे होते म्हणून मी मागे राहिलो. मे महिन्यातली दुपार, कूलर घरघरत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी ओलं फडकं घेतलं, ताईच्या टाचेपुढची रेघ पुसली आणि वीतभर अलीकडे, तिच्या पलंगाच्या बाजूला, नवी मारली. खडू शोधला तर मशीनवर ताईचा पडला होता. तोच वापरला. पाच मिनिटांचं काम होतं. हात धुऊन मी पंख्याखाली येऊन बसलो आणि मनाशी म्हटलं, एवढ्याने काय होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. त्या रेघेपाशी उकिडवे बसले. बोटाने तिला स्पर्श केला, बोट पाहिलं. मग खालूनच विचारलं, "ताईंनी हो म्हटलं?"

"म्हटलं," मी म्हणालो.

तिने हो म्हटलंच होतं. पण आधीच्या रेघेला. हे असलं उत्तर आपण कसं बिनदिक्कत दिलं, याचं आश्चर्य मला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं. त्या क्षणी वाटलं नाही.

"एकदा पुन्हा इचारता का त्यायले? येऊ द्या, मंग सुरू करतो."

"शाळा उघडायला आली, मिस्त्री. करून टाका."

ते उठले. "बरं," म्हणाले आणि लाकूड आणायला गेले.

ताई परत आली तेव्हा पार्टिशन उभं होतं. तिने नव्या पलंगावरून हात फिरवला, काठावर बसली आणि पाय पुढे केला. टाच प्लायवर आपटली. टक् असा आवाज झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मशीनचा खण उघडला, आपला खडू हातात घेतला. त्याची धार फरशीवर घासून गेली होती. तिने तो उलटा-सुलटा पाहिला, पुन्हा खणात ठेवला आणि म्हणाली, "भागते. छान केलं मिस्त्रीभाऊनं."

त्यानंतर ती उठायची ती अंग वळवून, तिरपी होऊन, दोन्ही हातांनी मशीनला लोंबकळल्यासारखी. रोज सकाळी साडेपाचला पार्टिशनवर तिची टाच वाजायची. पलीकडे फ्रिज असायचा आणि फ्रिजशी दूध काढत मी. टक्. मी दूध गॅसवर ठेवायचो. दोन हिवाळे हे असंच चाललं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी टक् झालं आणि त्याच्यामागून पडल्याचा आवाज आला. ताई पलंग आणि पार्टिशन यांच्या मधल्या फटीत अडकली होती. उजवा पाय आत दुमडलेला. तिला उचलायला वाकावं म्हटलं तर वाकायला जागा नाही. पोस्टमास्तर आले, पलीकडचे दोघं आले. शेवटी पार्टिशनचे स्क्रू काढून एक फळी उतरवली, तेव्हा ती बाहेर निघाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. पोस्टमास्तर दम खात त्या जागेकडे बघत म्हणाले, "अहो सर, इथं माणूस उठन कसा? हे माप घेतलं कुणी?"

मी म्हणालो, "मिस्त्रीनं. रेघ चुकली त्याची."

कुणी मला दोष दिला नव्हता. कुणी देणारही नव्हतं. तरी ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. कदाचित दोन हिवाळे तयार होतं.

कॉलनीत ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. चौथ्या दिवशी खडूमिस्त्री दवाखान्यात आले. धुतलेला सदरा, हातात पिशवीत चार संत्री. ताईच्या खाटेभोवती मी होतो, पोस्टमास्तर होते आणि अंजनगावचा चुलत भाऊ आला होता. हा भाऊ बोलायला फटकळ. तो म्हणाला, "काय गा मिस्त्री, माणसाले मोजता येत नाही तं धंदा काहून करतं? बहीण लंगडी केली ना आमची."

मिस्त्रींनी ताईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत होतो. ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते घाईघाईने म्हणाले, "चुकली. माही रेघ चुकली, भाऊ."

ताईने डोळे मिटून घेतले. संत्री खाटेखाली ठेवून ते निघाले. दारातून जाताना ते जरा थांबले आणि दाराच्या चौकटीला हात लावून, मोजल्यासारखं करून, बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच असताना ताई म्हणाली, "विलास, मिस्त्रीभाऊले असं जाऊ देऊ नको."

"हो," मी म्हटलं.

याहून जास्त ती कधी काही बोलली नाही. मला तिने एका शब्दानेही विचारलं नाही. खुब्याचं हाड जुळलं नाही, अंथरुणावर पडून पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ साचला. अडीच महिन्यांत ती गेली. तेराव्याला खडूमिस्त्री आले नाहीत. त्यांना बोलावलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलनीत दोन घरांची कामं निघाली, दोन्ही दुसऱ्याकडे गेली. "तो खडूवाला नको रे बाबा, त्याच्यानं मास्तरची बहीण गेली," हे मी माझ्या कानाने, पानठेल्यावर, पाठमोरा उभा राहून ऐकलं. पान घेतलं आणि घरी आलो. नंतर कळलं, की मिस्त्री बाळापूरला एका फर्निचरच्या दुकानात तयार कपाटं जोडतात. तयार कपाटाला खडू लागत नाही.

दहा वर्षं गेली. मुलीचं लग्न ठरलं, पाहुण्यांना घर मोकळं दिसावं म्हणून यंदा पार्टिशन काढलं. नव्या सुताराने खालची पट्टी उचकटली आणि म्हणाला, "सर, इथं कायची तरी खूण हाय." पट्टीखाली, वारा न लागलेल्या शहाबादी फरशीवर, ती रेघ जशीच्या तशी होती. बारीक, पांढरी, माझ्या हाताची, जरा वाकडी. सुतार फडकं घेऊन वाकला. मी त्याला थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी बाळापूरची बस धरली.

किल्ल्याच्या बाजूला त्यांचं घर सापडलं. एक खोली आणि पुढे पडवी. खडूमिस्त्री पडवीतल्या बाजेवर बसले होते, फार वाळले होते. मला ओळखलं. "या सर, बसा. मुलगी काय करते?" असं विचारलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. फडकं, खडू, दुपार, फ्रिज. दवाखान्यात बाटलीकडे बघत होतो तेही. पानठेल्याचंही.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "मले वाटलं ताईंनी सरकवली."

मला समजलं नाही.

"रेघ बारीक होती, सर. शिंप्याच्या खडूची. माही नव्हती हे मले तवाच समजलं. मले वाटलं, भावाच्या घरात जागा कमी पडून राहिली म्हून बाईनं आपली वीत सोडली. म्हून तं मी तुमाले म्हटलं, एकदा पुन्हा इचारा. दवाखान्यात मी खरं बोललो असतो, तं त्यायनं लपून केलेलं उघडं पडलं असतं. बाईचं मन राहावं म्हून म्हटलं, आपली चूक म्हना. दहा वर्षं मी हेच धरून होतो. कपाटं जोडली. म्हनलं, चांगल्या बाईसाठी गेलं आपलं काम. जाऊ द्या."

मी माफी मागायला गेलो होतो आणि त्यांच्याजवळ जे एवढं उरलं होतं तेही काढून घेतलं, हे माझ्या लक्षात आलं. उशिराच आलं.

"किती सरकवली होती?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसलो आणि पडवीच्या जमिनीवर माझी वीत ठेवली. ते बाजेवरून वाकून तिच्याकडे बघत राहिले.

"इथं काय ठेवलं म्हनता?"

"फ्रिज."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या घरमालकाने आपली गरज सांगितली आणि त्यांनी ती ऐकून घेतली. मग सदऱ्याच्या खिशातून एक डबी काढली, उघडली. आत ताईच्या खडूचा अर्धा तुकडा होता. लाकडावर वापरून झिजलेला, नखाएवढा. माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी डबी मिटली.

"हा तुमाले नाही देत, सर."

मी उठलो. पडवीच्या पायरीवर पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "मले एकट्याले सांगून काय होते? कॉलनीत सांगतलं होतं ना तुमी? तिथंच सांगा."

कॉलनीत आता जुनी चार घरं आहेत. चारही घरी मी गेलो. दोन ठिकाणी लोकांना खडूमिस्त्री आठवेनात, मला ते आधी आठवून द्यावे लागले. पोस्टमास्तरांना ऐकू कमी येतं. त्यांना ओरडून सांगावं लागलं, ते ऐकून त्यांची सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. पोस्टमास्तर म्हणाले, "माही मोरी अजून शाबूत हाय त्याची. साबण पडला की पहिले त्याची याद येते." मग माझ्याकडे बघणं त्यांनी बंद केलं.

ज्यांची घरं विकली गेली, जे अमरावतीला, पुण्याला मुलांकडे गेले, त्यांच्यापर्यंत मला जाता येत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिलं. खडूमिस्त्रींची रेघ चुकली नव्हती. ताईच्या टाचेपुढे त्यांनी एक वीत जागा सोडली होती. ती मी घेतली.